सोयगावाएवढं लंडन

लंडन साडेचार तासांवर आहे, हा शोध दौलताबादेत सोनाजीनं लावला आणि तो खोटा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. जावयानं, रामकिसनरावांनी, विमानाचं तिकीट पाठवलं होतं. ते घेऊन बद्रीनाथ शहरातून आला आणि घराच्या रिवाजाप्रमाणं त्यानं ते आधी मोठ्या चुलत्याच्या हातात दिलं. सोनाजीनं चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला, तिकीट उजेडाकडं धरलं, इंग्रजी अक्षरं सोडून दिली आणि आकडे तेवढे गाठले. आकड्यांत त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

"मुंबईहून सुटनार पहाटं पाचला. लंडनात पोचनार सकाळी साडेनवाला," त्यानं वाचलं. मग मान वर करून सगळ्यांकडं बघत म्हणाला, "साडेचार तास! अरं, औरंगाबादेहून सोयगावची यष्टी एवढाच टाइम खाती की!"

बद्रीनाथनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तो बँकेत कारकून होता, त्याला खरं काय ते ठाऊक होतं. पण त्याची माय सुगंधाबाई उंबऱ्याआड उभी होती, आणि तिच्या तोंडावर जे समाधान पसरलं होतं ते पुसून टाकायला त्याची जीभ रेटली नाही.

सोयगाव सुगंधाबाईचं माहेर. दोन वर्षांपूर्वी तिची सरू लग्न होऊन लंडनला गेली, तेव्हापासून "लेक कुठं दिली?" असं कुणी विचारलं की ती "लांब" एवढंच म्हणायची आणि हातातलं काम पुढं ओढायची. त्या दिवसापासून ती म्हणायला लागली, "सोयगावाएवढं." लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा तिला रात्रीची सलग झोप लागू लागली. लेक आपल्या माहेराइतकी जवळ आहे म्हटल्यावर आईला आणखी काय पाहिजे!

तिकीट आलं होतं ते सरूला दिवस गेले होते म्हणून. पहिलं बाळंतपण माहेरचं. ते सासरच्या दारात झालं तर "माहेर मेलं काय?" असं विचारायला लोक कमी करत नाहीत. पण डॉक्टरनं सरूला प्रवासाची मनाई केली, तेव्हा सुगंधाबाईनं तोडगा काढला. लेक माहेरी येत नाही, तर माहेर उठून लेकीकडं जाईल. तिकीट वाचून झाल्यावर सोनाजीनंही परवानगी दिली. "साडेचार तासाचं तर काम हाय. एकटी जाईल," तो म्हणाला, आणि त्याचा शब्द घरात कुणी खाली पडू देत नसे.

एकच अडचण होती. सुगंधाबाईला गाडी लागायची. सोयगावच्या यष्टीचे कंडक्टर तिला ओळखून होते. फुलंब्रीला थांबवा, सिल्लोडला थांबवा, अजिंठ्याचा घाट उतरला की पुन्हा थांबवा. विमान तर कुठं थांबत नाही. म्हणून ही बाई पौष महिन्यात सोयगावला नुसती सरावासाठी गेली. जिभेखाली लवंग, पदराची गाठ मुठीत, डोळे समोरच्या दांडीवर, आणि साडेचार तास जागची हलली नाही. भावाच्या दारात उतरली ती हसतच. "जमलं बाबा," ती म्हणाली, "लंडन जमलं."

ही गोष्ट सोनाजीनं गावभर केली. किल्ला बघायला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा सोडलं नाही. "मुंबईला जायला मानसाचा सबंध दिवस मोडतो," तो सांगायचा, "अन् आमच्या घरची बाई साडेचार तासात लंडनात चहा पिनार." मेंढरांमागं जन्म घालवलेल्या घराला एवढा दिमाख मिरवायची संधी कधी मिळते? त्यानं तो पोटभर मिरवला.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे औरंगाबादेत, गारखेड्यात, बद्रीनाथच्या घरी जमले. दुपारच्या गाडीनं मायलेक मुंबईला निघणार होते. बद्रीनाथची बायको स्वतःच बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, त्यामुळं चुलीचा ताबा सोनाजीच्या बायकोनं, दगडाबाईनं, घेतला होता. चूल कसली, गॅस; पण दगडाबाई त्याच्यापुढंही पाट मांडूनच बसायची उमेद बाळगून होती. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर सोनाजी आणि त्याचा धाकटा भाऊ कडूबा, म्हणजे सुगंधाबाईचा नवरा, बसले होते. कडूबा आजही मेंढरं राखायचा आणि आजही दिवसाला मोजकीच वाक्यं बोलायचा.

बांधाबांध चालली होती. बाळंतविड्याची टोपडी-दुपटी, डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतशेपा, आणि सगळ्यांच्या वर कडूबानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीची विणून घेतलेली घोंगडी.

"धाकलीला सांग, घोंगडी हातातच ठिव म्हनावं," सोनाजी आत तोंड करून म्हणाला. "लंडनात थंडी लई."

"ऐकलंस का ग सुगंधा? घोंगडी हातात ठिव म्हनत्यात," दगडाबाईनं चार हातांवर बसलेल्या जावेला निरोप पोचवला.

"ठिवते म्हनावं," सुगंधाबाई म्हणाली.

"ठिवती म्हनती," दगडाबाईनं परत बाहेर पोचवलं.

थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्नाला तीस वर्षं होत आली, नातवंडाचा पाळणा हलायची वेळ आली, तरी सुगंधाबाई सोनाजीशी एक शब्द थेट बोललेली नव्हती. सगळा कारभार दगडाबाईमार्फत. दगडाबाईला त्यात आपलं वजन वाटायचं.

अशा वेळी विहीणबाई आल्या. आवडाबाई, रामकिसनरावांची आई. त्यांच्याही घरची मेंढरं होती, पण सासऱ्याच्या काळातली. आता मोंढ्यात दुकान आणि अंगावर सहावारी. मागच्या वर्षी त्या लंडनला महिनाभर राहून आल्या होत्या, आणि ते त्यांच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला यायचं. लेकासाठी लोणच्याची बरणी घेऊन आल्या होत्या. सुगंधाबाईची ओटी भरली, पाण्याचा पेला हातात घेतला आणि सहज म्हणाल्या, "विहीणबाई, पायात काही घट्ट घालू नका बरं. दहा तास बसून माझे पाय असे सुजले होते, की चपला हातात घेऊन उतरले मी."

इथं माशी शिंकली.

"दहा तास कुठं बसला व्हता?" दगडाबाईनं विचारलं.

"कुठं म्हणजे? विमानात."

"साडेचार," बाहेरून सोनाजीचा आवाज आला.

"काय साडेचार?"

"लंडन. साडेचार तास. पाच ते साडेनऊ. तिकिटावर लिवलंय."

आवडाबाई आधी गोंधळल्या, मग हसल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण हसू चुकीच्या वेळी आलं की त्याला दात फुटतात. "अहो व्याही, कुणी सांगितलं तुम्हाला? मी बसून आले ना! इथून तिथं सात हजार किलोमीटरच्या वर आहे. दहा तास लागतात, आणि मध्ये कुठंही थांबत नाही."

 सोनाजीनं तिकीट मागवलं. चष्मा पुसला. आकडे तेच होते, जागचे हलले नव्हते.

"बद्रीनाथ," तो म्हणाला, "साडेनवातनं पाच गेले की किती उरत्यात?"

"साडेचार, मोठे बाबा."

"मंग?"

बद्रीनाथनं भिंतीला पाठ लावली. आता सांगण्यावाचून सुटका नव्हती. "सुटायचा टाइम आपल्या घड्याळाचा लिवत्यात, अन् पोचायचा तिथल्या घड्याळाचा. सूर्य आपल्याकडं आधी येतो, तिकडं मागून जातो. तिथं सकाळचे साडेनऊ व्हत्यात तवा आपल्याकडं दुपारचे तीन वाजलेले असत्यात. पहाटं पाच ते दुपारी तीन. दहा तास."

"म्हंजे एकाच कागदावर दोन घड्याळं?"

"व्हय."

"अन् तुला मालूम व्हतं?"

बद्रीनाथ अंगठ्यानं सतरंजीची कड घासत राहिला. ते पुरेसं होतं.

सोनाजीनं तिकीट घडी घालून सतरंजीवर ठेवलं. त्याला राग आला नव्हता. त्याची जुनी जागा दुखली होती. निजामाच्या अमलात तो उर्दू चार बुकं शिकला, पटवाऱ्याच्या हाताखाली लागायचं जवळजवळ ठरलं होतं. मग पोलीस ॲक्शन झाली. रझाकारांच्या धाकानं कळप घेऊन डोंगरात लपलेलं ते घर आनंदानं खाली उतरलं, सोनाजीनं स्वतः गावात साखर वाटली. पण वर्षा-दोन वर्षांत कचेरीतले कागद मराठीत आले, आणि काल गावाला अर्ज वाचून दाखवणारा सोनाजी स्वतःचा अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेऊ लागला. राज्य गेलं त्याचं त्याला काडीचं दुःख नव्हतं. अक्षरं गेली त्याचं होतं. तेव्हा त्यानं आकडे धरले, उर्दू, मराठी, इंग्रजी, तिन्ही लिपीतले. आकडा बदलत नाही, आकडा दगा देत नाही, हे त्याचं आयुष्यभराचं म्हणणं. आज विहिणीच्या देखत आकड्यानंच त्याला तोंडावर पाडलं होतं.

"बाई नाय जानार," तो म्हणाला.

"आँ?" कडूबानं वर बघितलं.

"माझ्या शब्दावर चालली व्हती ती. शब्द खोटा निघाला. दहा तास आभाळात, मधी थांबा नाय, भाषा येत नाय, गाडी लागती. काही झालं तर दोष कुनाचा? माझा."

आवडाबाईंनी पेला खाली ठेवला. "मी काय म्हणते," त्या सावकाश म्हणाल्या, "माझा पासपोर्ट तयारच आहे. रस्ता पाहिलेला आहे. मी जाते. बाळंतपण काय, आईनं केलं काय आणि सासूनं केलं काय! विहीणबाई पुढल्या खेपेला जातील."

"तेच बरं," दगडाबाई पटकन म्हणाली. नवऱ्याची अब्रू झाकायला तिला हे पांघरूण चांगलं वाटलं. "इहीणबाईला सवय हाय. पोरीची आबाळ तर व्हनार नाय."

सुगंधाबाई उठली, ओटीचं खोबरं-तांदूळ पदरात तसेच धरून आतल्या खोलीत गेली.

बद्रीनाथ तिच्या मागोमाग गेला. ती बोचक्यावर बसली होती. रडत असेल असं त्याला वाटलं होतं, पण तिचे डोळे कोरडे होते आणि नाकपुड्या फुलल्या होत्या. ही खूण त्याला लहानपणापासून माहीत होती. पोरगा आता मार खाणार, अशी ती खूण.

"माय, मी सांगनार व्हतो."

"कवा? मी इमानात बसल्यावर?"

"तू भिली असतीस."

"भिले असते," ती म्हणाली. "अन् भिऊन बी गेले असते. तुला काय वाटलं, साडेचार तास हाय म्हून चालले मी? मेंढरू हाय का रं मी, पुढं चारा दाखवून हाकायला? चांगला शिकलेला तू. आईला खरं सांगावं एवढं कुनी शिकवलं नाय का तुला?"

बद्रीनाथ खाली बघत राहिला. त्याच्या डोक्यात सगळा हिशेब सोपा होता: आईला जायचं आहे, खरं कळलं तर थोरले अडवतील, म्हणून खरं कळू द्यायचं नाही. आई त्या हिशेबात सामान होती, माणूस नव्हती, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं आणि त्याला लाज वाटली.

"चुकलं माय," तो म्हणाला.

"चुकलंच," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "एक सांग. खरंच एवढी लांब हाय सरू?"

"व्हय."

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दहा तास बसायचं तिला काही वाटलं नव्हतं. पण दोन महिने जी लेक सोयगावात होती ती एका सकाळीत समुद्रापार जाऊन बसली होती, लग्नाच्या दिवसासारखीच पुन्हा एकदा सासरी गेली होती. बद्रीनाथ तिच्याजवळ जमिनीवर बसला. 

दारात आवडाबाई आल्या. त्या आल्या होत्या समजूत घालायला. नातवाचं तोंड आधी आपल्याला दिसणार या आनंदाची त्यांना थोडी शरम वाटत होती, आणि शरम वाटली की माणूस समजूत घालायला जातो. "विहीणबाई, मनाला लावून घेऊ नका," त्यांनी सुरुवात केली.

सुगंधाबाईनं डोळे पुसले. "इहीणबाई, एक इचारू? दहा तास तुमी काय केलं वो?"

आवडाबाई थबकल्या. लंडनचा पूल विचारला होता लोकांनी, थंडी विचारली होती, राणीचा वाडा विचारला होता. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी बद्रीनाथकडं बघितलं. तो शहाणा होता, उठून बाहेर गेला.

"खरं सांगू?" त्या शेजारी बोचक्यावर टेकल्या. "रडले."

"रडला?"

"बसल्या बसल्या विमानातल्या पोरीनं कमरेला पट्टा बांधला. तो कसा सोडायचा, मला कळेना. विचारायचं कुणाला आणि कोणत्या भाषेत? दहा तास तशीच बांधलेली बसले. घोटभर पाणी प्यायले नाही, की मग उठायला लागेल म्हणून. पाय सुजणार नाहीत तर काय! रामकिसनला पण नाही सांगितलं आजपर्यंत."

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला. आधी ती हळहळली, मग तिला हसू आवरेना. आणि तिच्या हसण्याचं आवडाबाईंना वाईट वाटायच्या आत त्यासुद्धा हसायला लागल्या. दोघी विहिणी बोचक्यावर एकमेकींना धरून हसत होत्या, आणि बाहेर पुरुषमंडळींना वाटलं आत भांडण पेटलं.

"असं खेचायचं नाही," आवडाबाईंनी तिच्या कमरेशी हात नेऊन दाखवलं. "मधल्या चकतीखाली बोट घालून वर उचलायचं. सुटतो लगेच. माणसानं एवढं सांगायला नको का?"

"मंग तुमी का जायला निघाला पुन्हा?"

"नातू आहे हो," आवडाबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुगंधाबाईचा हात धरला. "पण लेक तुमची आहे. पहिली वेळ आहे. माझ्या पहिल्या वेळी माझी आई आली नव्हती, नदीला पूर होता. मला अजून आठवतं. तुम्हीच जा."

त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मी काही जात नाही. जातील तर विहीणबाईच जातील."

दगडाबाईचं तोंड उघडंच राहिलं. ती ज्या बाजूला जाऊन बसली होती ती बाजूच उठून गेली होती.

"ते मी बोललोय," सोनाजी म्हणाला. "बाई नाय जानार."

बद्रीनाथ पुढं झाला. "मोठे बाबा, राग माझ्यावर काढा. तिच्यावर काहून?"

"राग नाय रं. फिकीर हाय." सोनाजीचा आवाज बसला होता. "उद्या कुनी इचारलं, कुनाच्या हुकमानं धाडली, तर काय सांगू? मला वाचता येत नाय म्हून?"

 मग कोपऱ्यातून कडूबा बोलला.

"बद्री, मेंढरं घिऊन निघालं तर लंडनला किती मुक्काम व्हतील?"

"आबा, मधी समुद्र हाय."

"समुद्र सोड. वाटंचं सांग."

बद्रीनाथनं मनात गणित केलं. कळप दिवसाला चार कोस चालतो, पाऊस, व्यालेल्या मेंढ्या धरून. "दीड वर्ष तरी," तो म्हणाला.

 "दीड वर्साची वाट," कडूबा म्हणाला, "अन् दहा तासात जातंय? मंग ते लई कुठं हाय? थोडंच हाय." आणि त्याचा त्या दिवसाचा कोटा संपला.

सोनाजीनं भावाकडं बघितलं.  त्याचा हात तिकिटाच्या घडीवर होता आणि तो ती घडी उलगडत-मिटत होता.

तेव्हा सुगंधाबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट होता, नजर खाली होती. दगडाबाई सवयीनं सरसावून बसली, निरोप घ्यायला. पण सुगंधाबाई तिच्यापाशी थांबली नाही. ती सतरंजीच्या कडेला येऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली.

खोलीतल्या सगळ्या माना वर झाल्या. सोनाजीनं तर आधी मागं वळून बघितलं, कुणी दुसरा भावजी आहे की काय म्हणून.

"भावजी, तुमी साडेचार तास म्हनलात त्या दिवसापासून मला झोप लागली. दोन महिनं माझी लेक सोयगावात व्हती. तुमच्यामुळं व्हती. ते मी इसरनार नाय." तिचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "आता कळलं लांब हाय. बरं झालं कळलं. लांब हाय म्हून तर मला जायचंय. जवळ असती तर तीच आली नसती का माहेरी? तिथं तिला हात धरायला कोन हाय? मी घाबरते, व्हय. वकारी आली तर वकीन. पन तिला कळ येईल तवा मी तिच्या उशाला पायजे. चोरून जायाचं नाय मला, अन् खोट्या आकड्यावर बी जायाचं नाय. दहा तास हायेत हे समजून उमजून इचारते. जाऊ का?"

 तीस वर्षं ही बाई सोनाजीच्या घरात वावरली, भाकरी थापल्या, कळपामागं पोटुशी चालली, आणि तिचा आवाज असा आहे हे त्याला आज कळत होतं. आपण जपत बसलो ते आपलं नाक, हेही त्याला कळलं. वाईट वाटलंच, पण त्याहून मोठी, छाती भरून यावी अशी एक गोष्ट वाटली. हे आपल्या घरचं माणूस आहे.

"जा," तो म्हणाला. दगडाबाईकडं न बघता, थेट. "जा पोरी. खुशाल जा."

मग तो आवडाबाईंकडं वळला. उभ्या आयुष्यात जे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं ते तो विहिणीसमोर, बायकोसमोर, ताठ मानेनं बोलला. "इहीणबाई, आकडा माझा चुकला. जानारं मानूस चुकलं नाय."

"ते दिसतंच आहे," आवडाबाई म्हणाल्या.

"निरोप सांगायचं काम गेलं म्हनायचं माझं," दगडाबाई पुटपुटली, आणि डोळे पुसत लाडवांचा डबा बांधायला लागली. घट्ट बांधला. वर आणखी दोन लाडू बसतात का पाहिलं, आणि बसवले.

दुपारी स्टँडवर मुंबईची गाडी लागली. बद्रीनाथ सामान टपावर चढवत होता, कडूबा खालून एकेक नग देत होता. सुगंधाबाई खिडकीशी बसली, घोंगडी मांडीवर. आवडाबाई खिडकीखाली उभ्या राहून बोटानं चकती उचलायची खूण पुन्हा पुन्हा करून दाखवत होत्या, आणि येणारे-जाणारे या बाईला काय झालंय म्हणून बघत होते.

सोनाजी कंडक्टरपाशी उभा होता.

"म्हातारबा, तुमी येनार का गाडीत?" कंडक्टरनं विचारलं.

"मी नाय. ती चालली. ती बघ, खिडकीतली."

"मुंबईला?"

"मुंबईला जायला काय लागतं?" सोनाजी म्हणाला. "लंडनला चालली. लेकीच्या बाळंतपनाला."

कंडक्टरनं खिडकीतल्या बाईकडं बघितलं. तिचं नऊवारी लुगडं, कपाळभर कुंकू, मांडीवरची काळी घोंगडी. रांगेतली चार माणसंही वळली. "लंडन म्हंजे लई लांब असंल की हो बाबा?"

दोन महिने सोनाजीनं या प्रश्नाला एकच उत्तर दिलं होतं. आता त्यानं छाती पुढं काढली आणि आवाज एवढा चढवला, की खिडकीत बसलेल्या बाईला शब्द न् शब्द ऐकू जावा.

"लई लांब!" तो म्हणाला. "मेंढरं घिऊन निघालं तर दीड वर्स. इमानात दहा तास, मधी थांबा नाय, पायाखाली जमीन नाय. लिहिता-वाचता येत नाय तिला, तरी एकटी चालली. कुनी धाडली नाय तिला. मला इचारून, सांगून, आपल्या मनानं चालली."

"कोन म्हनायची तुमची?"

सोनाजी खिडकीकडं वळला. सुगंधाबाईनं पदर पुढं ओढला नव्हता.

"आमच्या घरची थोर बाई हाय ती," तो म्हणाला.